हरबा-नारबांचा सत्कार

“मावसभाऊ म्हणा ना. बसेल ते,” सुधाकर माईकसमोरून म्हणाला.

काचेपलीकडे केतकी डोकं धरून बसली होती. ती आमची डबिंग डायरेक्टर. वयानं माझ्या भाचीएवढी, पण एकदा खुर्चीत बसली की आम्हा म्हाताऱ्यांनाही शाळेतल्या पोरांसारखं उभं करायची. परदेशी कार्टून मालिका मराठीत करायची होती आणि पहिल्याच भागात गाडं अडलं होतं. नदीकाठचं गाव, गावात सगळे प्राणी, आणि दोन म्हातारी पाणमांजरं मिळून बेकरी चालवतात. मराठीत त्यांची नावं ठेवली हरबा आणि नारबा. हरबाला सुधाकरचा आवाज आणि नारबाला माझा. नारबा किनऱ्या गळ्याचा, आणि डबिंगमध्ये पोरं, उंदीर, पाखरं आणि किनरे म्हातारे बायकांच्याच वाट्याला येतात. पस्तिशीपासून मी हेच करत आले. घरी नवरा म्हणायचा, ही माझ्या बायकोचा सोडून सगळ्यांचा आवाज काढते.

तर गावात नव्यानं आलेली चिचुंद्री हरबाला विचारते, हे तुमचे कोण? मूळ मालिकेत तो सरळ सांगतो की हा माझा जोडीदार, आम्ही एकत्र संसार करतो. त्यात लपवाछपवी काही नव्हती. आमच्या लेखकाला मात्र ते लिहिताना घाम फुटला. त्यानं ‘जुना दोस्त’ लिहून आणलं, आणि ते ओठांवर बसेना. पाणमांजराचं तोंड मिटायचं तेव्हा आमचा शब्द आ वासून उघडा.

“मावसभाऊ,” केतकीनं चित्र पुन्हा लावून पाहिलं. “अहो बसलं की! सुधाकरसर, ग्रेट आहात. कसं सुचलं?”

सुधाकर हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्यानं मान फिरवली. त्याला ते सुचलेलं नव्हतंच. तो शब्द त्याच्या तोंडात कायमचा मुक्कामाला होता.

सुधाकर नाबर आणि भालचंद्र सुर्वे मुलुंडला एका फ्लॅटमध्ये वीसेक वर्षं राहत होते. शेजारीपाजारी, दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना सांगितलेलं, आम्ही मावसभाऊ. सुरुवातीला कुणी खवचटानं विचारलं होतं की नाबर सारस्वत आणि सुर्वे मराठा, मग मावसभाऊ कसे हो? तेव्हा सुधाकरनं एक मावशी जन्माला घातली. ती म्हणे चिपळूणच्या सुर्व्यांबरोबर पळून गेली, घरच्यांनी तिचं नाव टाकलं, मग तिच्या मुलानं, म्हणजे भालचंद्रनं, मावसभावाला शोधून काढलं. बिल्डिंगमधल्या बायका हळहळल्या. ती मावशी कधी जन्मलीच नाही, पण तिचं पळून जाऊन केलेलं लग्न अख्ख्या बिल्डिंगनं आनंदानं मान्य केलं होतं.

मला खरं ठाऊक होतं, कारण सुधाकर आणि मी एकाच नाट्यसंस्थेत वाढलो. भालचंद्र त्याच्या आयुष्यात आला तो मी पाहिला होता. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. म्युनिसिपल शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, शांत, हाताला कायम रंग. रोज संध्याकाळी बिल्डिंगमधली पोरं त्यांच्याकडे चित्रं काढायला येत आणि साडेपाचला सगळी मिळून आमचं कार्टून बघत. हरबा बोलायला लागला की पोरं ओरडायची, नाबरकाका! नाबरकाका!

त्या वर्षी भाईंची बायपास झाली. तेव्हाच सगळं फिसकटायला लागलं. हॉस्पिटलात सही कुणी करायची इथपासून प्रश्न. सही करायला चिपळूणहून पुतण्या आला, प्रशांत. मुलगा चांगला होता. म्हणाला, काका, या वयात परक्या शहरात कशाला राहता? घरी चला. अंगण आहे, आम्ही आहोत, इथं तुमचं कोण आहे?

डिस्चार्जनंतर मी भाजी-भाकरी घेऊन गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच दोघांची जुंपली.

“इथं तुमचं कोण आहे, असं विचारतो तो,” भाई म्हणाले. “मी काय उत्तर देऊ, सुधाकर? मावशीचा मुलगा? मला मावशीच नाही!”

“हळू बोल. टाके दुखतील.”

“टाके दुखू देत. मला मोर्चा नको, पेपरात नाव नको. एकदा, मी समोर असताना, कुणालातरी सांग मी तुझा कोण ते. मग मी हक्कानं इथं मरेन. नाहीतर कुठल्या नात्यानं राहू? भाडेकरू म्हणून?”

“पमा आहे ना,” सुधाकरनं माझ्याकडे बोट केलं. “तिला माहीत आहे.”

“पमाताईंना तू सांगितलं नाहीस. त्यांना कळलं.”

हे मात्र खरं होतं. सुधाकर गॅलरीत गेला, मीही मागोमाग गेले.

“कशाला घाबरतोस रे एवढा?” मी म्हटलं. “पोटापाण्याचं तर सगळं झालंय तुझं.”

“पोटासाठी नाही घाबरत, पमे.” खाली पोरं क्रिकेट खेळत होती, तिकडे त्यानं बोट केलं. “ही पोरं उद्या येतील का वर? आयाबाया पाठवतील? दोन म्हातारे, एकाचा धंदा कार्टूनचा, दुसऱ्याकडे चित्रकलेचा क्लास. काय काय बोलतील लोक, तुला कल्पना आहे? भालूचं जे काही आहे ते त्या पोरांत आहे. तेच गेलं तर?”

त्याच्या भीतीत तथ्य नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही.

भाईंनी प्रशांतला कळवलं, तब्येत सुधारली की येतो. सुधाकरला वाटलं, दिवस ढकलले की विषय मागे पडेल. मी ओळखून होते, भाई बॅग भरायला कारण शोधत नव्हते, थांबायला कारण शोधत होते.

आणि ते कारण आलं कुठून, तर पाणमांजरांकडून. पुढच्या भागांची चित्रं आली होती. माझ्या आधी सुधाकरचं रेकॉर्डिंग होतं. डबिंगमध्ये एकेकाचा आवाज वेगळा घेतात. हरबा आज बोलतो, नारबा परवा उत्तर देतो, आणि प्रेक्षकाला वाटतं दोघं शेजारी बसलेत. मी पोचले तेव्हा हा बाहेर जिन्यात उभा. चेहरा असा की मला वाटलं, भाईंना काही झालं.

“पमे,” तो म्हणाला, “त्यांचं लग्न आहे.”

“कुणाचं?”

“हरबा-नारबाचं! अगं, आपलं! अख्खं गाव जमतं, हार घालतात एकमेकांना. हरबा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो, मी या माणसाबरोबर आयुष्य काढलं आणि मला ते सगळ्यांना सांगायचंय. काय बोललाय गं तो! मी दोनदा लावून बघितलं.”

साठीचा माणूस, जिन्यात उभा राहून लहान पोरासारखा डोळे पुसत होता. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

त्याच संध्याकाळी त्यानं भाईंना शब्द दिला. “तुला पाहिजे होतं ना, कुणासमोर तरी? सगळ्या पोरांसमोर बोलणार मी. माझ्या आवाजात, या घरात, तू शेजारी बसलेला असताना.”

“पाणमांजराच्या तोंडून?” भाई म्हणाले.

“सुरुवात तरी होईल, भालू.”

भाई हसले. “बरं. पाणमांजर तर पाणमांजर. मी प्रशांतला सांगतो, तूर्त येत नाही म्हणून.”

त्या भागाच्या रेकॉर्डिंगला मी मुद्दाम बरोबर गेले. केतकीनं आम्हाला बसवलं, चहा मागवला, आणि चहा आला तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. ही बाई कधी चहा मागवत नाही.

“सर, प्रॉब्लेम झालाय,” ती म्हणाली. “हे दोघं मावसभाऊ आहेत.”

“म्हणजे?”

“आपणच केलेत ना पहिल्या भागात! तेव्हापासून प्रत्येक भागात आहे ते. मावसभावा पाव दे, मावसभावा पीठ मळ. आता त्यांचं लग्न कसं लावू? दोन पुरुषांचं म्हणून वाहिनीवाले कदाचित भांडल्यावर मानले असते, मी भांडलेही असते. पण आता ते भाऊ-भाऊ आहेत, सर! भावांचं लग्न लावलं म्हणून लोक स्टुडिओ फोडतील.”

सुधाकरच्या हातातला कप तसाच राहिला.

“मग भागच गाळा,” मी म्हटलं.

“गाळता येत नाही, पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. पण मार्ग निघालाय.” ती बिचारी उत्साहानं सांगायला लागली. “सत्कार! बेकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून गावानं सत्कार ठेवलाय. हार आहेतच, फुलं उधळतात, पाहुणे रडतात, भाषण होतं. सगळं चित्र तंतोतंत बसतं. एक फ्रेमही बदलायला लागत नाही.”

आणि खरंच बसत होतं हो! आपल्याकडे सत्कार आणि लग्न यांत फरक तो कितीसा? तेच हार, तेच नारळ, तेच खुर्च्यांवर ताटकळलेले लोक. मला हसू येत होतं आणि मेलं हसवतही नव्हतं.

“केतकी, हे पाप आहे,” मी म्हटलं. “एवढं सुंदर लिहिलंय त्या लोकांनी, आणि आपण शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावायचं?”

“ताई, मला आवडतंय का? पण तुम्हीच सांगा, दुसरं काय करू?”

मी सुधाकरकडे बघितलं. तो उठला, आत गेला, हेडफोन लावले. “एकदा मूळ घेऊ,” तो म्हणाला. “नुसतं ऐकायला.”

त्यानं ते एकदा मूळ अर्थानं म्हटलं. कागदावर नव्हतं, मनानंच मराठी केलं. या माणसाबरोबर मी आयुष्य काढलं, आणि आज मला ते तुम्हा सगळ्यांना सांगायचंय. ओठांवर एकही अक्षर घसरलं नाही. मग केतकीनं ते पुसलं आणि सत्काराचं घेतलं. तेही त्यानं उत्तम केलं. तो कामाला चोख होता.

“भाईंना आधी सांगून ठेव,” मी परत येताना म्हटलं. “नाही सांगितलंस तर मी सांगते.”

“सांगतो, मीच सांगतो,” तो म्हणाला. त्यानं सांगितलं नाही. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, झालं बोलणं, आणि मी विश्वास ठेवला.

तो भाग लागला त्या दिवशी मी मुलुंडला होते. पोरं जमिनीवर, भाई खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून. सदरा बघितला आणि माझ्या लक्षात आलं. यांना काहीच ठाऊक नाही! सुधाकर स्वयंपाकघराच्या दारात उभा, आत नाही, बाहेर नाही. पडद्यावर फुलं उधळली, हार घातले, आणि हरबा म्हणाला, “बेकरीला आज पंचवीस वर्षं झाली. माझ्या मावसभावाची साथ नसती तर हे पाव फुगले नसते!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाई हसायला लागले. छातीवर हात दाबून, टाके सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “सत्कार!” ते म्हणत होते. “अरे, सत्कार केला रे यांनी!”

“आजोबा, तुमचा पण करू या!” एक मुलगी ओरडली. “तुम्ही पण मावसभाऊ आहात. तुम्हाला पण खूप वर्षं झाली!”

पोरांनी ते डोक्यात घेतलं म्हणजे घेतलंच. सेक्रेटरी तांबेंच्या घरी जाऊन धरणं धरलं. तांबे म्हणजे उत्साही गृहस्थ, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर दरवर्षी कुणाचा ना कुणाचा सत्कार लागायचाच त्यांना. दहावी झालेली पोरं संपली होती. त्यांनी ताबडतोब होकार दिला, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून मला बोलावलं, साक्षात नारबा!

झेंडावंदन झालं. मांडवाखाली खुर्च्या, चिवडा-लाडूच्या पुड्या, माईकची शिट्टी. तांबे माईक ठोकत असताना भाई माझ्याजवळ आले. दाढी घोटून केलेली, अंगावर तोच सदरा.

“पमाताई,” ते हळूच म्हणाले, “आज माईक त्याच्या हातात येणार आहे. आज वाहिनी नाही, केतकी नाही. ओठ त्याचेच आहेत. मी काल त्याला म्हटलं, मावशी विसर, काहीही बोल. नुसतं म्हण, हा माझा माणूस आहे. ज्याला जे समजायचं ते समजेल.”

“मग? काय म्हणाला?”

“बघतो म्हणाला. तो भाग लागल्यावर मी प्रशांतला पुन्हा कळवलं होतं, त्याची गाडी उद्या दुपारी येतेय. मी त्याला म्हटलंय, रिकामा परत गेलास तरी वाईट वाटून घेऊ नकोस.”

तांबेंनी भाषण ठोकलं. दोन भाऊ कसे असावेत, आजच्या पिढीनं काय शिकावं. मी शाली घातल्या. मग पोरांनी गोंगाट केला की हार आपण घालायचे नाहीत, कार्टूनमध्ये घातले तसे त्यांनी एकमेकांना घालायचे. तांबे म्हणाले, घाला घाला, मुलांचा हट्ट.

सुधाकरनं भाईंच्या गळ्यात हार घातला. भाई उंच, ते थोडे वाकले. मग भाईंनी सुधाकरच्या गळ्यात घातला. लोकांनी झेंड्यासाठी आणलेली फुलं उरली होती, ती उधळली. तिसऱ्या मजल्यावरच्या बापटबाई ओरडल्या, “नाबरकाका, आता नाव घ्या!” आणि सगळा मांडव हसला. अगदी निर्मळ हसला हो. त्या मांडवात त्या दोघांना जीव लावणारेच तेवढे जमले होते. मला वाटलं, लागलं यांचं लग्न. बिल्डिंगला पत्ता नाही, पण लावलं तिनंच.

तांबेंनी सुधाकरच्या हातात माईक दिला. भाई त्याच्याकडे बघत उभे. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल, मेल्या, बोल!

त्यानं घसा साफ केला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांवर शब्द बसवले त्या माणसानं, आणि स्वतःच्या ओठांना शब्द सापडेना. मग समोर बसलेल्या पोरांवर त्याची नजर गेली आणि तो एकदम हरबाच्या आवाजात बोलला. “मंडळी! माझ्या मावसभावाची साथ नसती तर हे पाव फुगले नसते!”

पोरं उड्या मारायला लागली. लोक हसून हसून बेजार. भाईंनीही टाळ्या वाजवल्या, गळ्यात हार तसाच. त्यांच्यासारख्या मनापासून टाळ्या त्या मांडवात कुणी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते गेले. मी बॅग भरायला मदत केली. सुधाकर खाली गाडीजवळ प्रशांतशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

“तुम्ही का नाही बोललात, भाई?” मला राहवलं नाही. “माईक मागायचा होतात.”

“मी बोललो असतो तर ते माझं बोलणं झालं असतं. माझं मला पाठ आहे, पमाताई. त्याचं ऐकायचं होतं.” त्यांनी ब्रश कागदात गुंडाळले. “त्याच्यावर रागावू नका. पोरांचं प्रेम जाईल म्हणून घाबरतो तो. माझं जाईल असं त्याला कधी वाटलंच नाही. एका अर्थी बरंच आहे, नाही का? एवढी खात्री होती त्याला माझी.”

त्यानंतर सुधाकर मुलुंडला एकटा राहिला. चिपळूणला जा म्हणून मी किती वेळा सांगितलं. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचा. फोन करायचा, औषधं विचारायचा, ठेवून द्यायचा. पाचेक वर्षं अशीच गेली. कार्टूनची दुनियाही बदलली. नव्या मालिकांत दोन आया, दोन बाबा खुशाल यायला लागले, लेखक घाम न पुसता लिहायला लागले, आणि केतकी ते भांडून तसंच ठेवायला लागली. सुधाकरनं असल्या एकदोन भूमिका केल्याही.

भाई गेल्याचा फोन प्रशांतनं मला केला. आम्ही गेलो तेव्हा सगळे विधी आटोपले होते. गाडीत सुधाकर सारखा पाणी पीत होता.

“पमे, या वेळी सांगणार आहे मी,” तो म्हणाला. “त्याच्या माणसांसमोर. हाकललं तर हाकलू देत.”

ओटीवर नातेवाईक बसलेले. सुधाकर चपला काढून आत गेला आणि उभ्याउभ्याच बोलला. रंगभूमीचा तो आवाज, मागच्या रांगेपर्यंत जाणारा.

“मी सुधाकर नाबर. मी भालचंद्रचा मावसभाऊ नाही. आम्ही संसार केला. तो माझा माणूस होता.”

कुणी दचकलं नाही. एका म्हाताऱ्यानं सरकून सतरंजीवर जागा केली. प्रशांतची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“माहीत आहे हो, बसा ना,” ती म्हणाली. “भाईकाकांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं सगळ्यांना. सासूबाई थोड्या कुरकुरल्या, मग म्हणाल्या, असेल बापडा, बोलवा त्यालाही. काका म्हणाले, बोलवायचं नाही, तो आपणहून न्यायला येईल.”

सुधाकरनं भांडं हातात घेतलं, पण पाणी प्यायला नाही.

“दर गणपतीला माझ्याकडून दोन पानं जास्त वाढून घ्यायचे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “एक पमाताईंचं, एक तुमचं. तुम्ही आलात का नाही हो?”

सुधाकर माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी सांगीन म्हणून. त्याच्या वतीनं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.